रंग उडाला म्हणून लगेच खूश होऊ नकोस

अगं, टायटॅनियम डायऑक्साइडची पूड आणि उजेड वापरून पाण्यातला रंग मोडायच्या तुझ्या प्रयोगात, दिवा लावण्याआधी रंग आणि पुडीचं मिश्रण अर्धा तास अंधारात ढवळ. टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणांवर रंग नुसता चिकटतो आणि आपण ते विघटन समजतो. कणांशिवायची एक बाटलीही उजेडात ठेवच. मिथिलीन ब्लू, म्हणजे तुझा निळा रंग, उजेडात आपला आपणही थोडा फिका पडतो. ॲनाटेजला, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडच्या या प्रकाराला, साधारण ३८८ नॅनोमीटरच्या खालचा, म्हणजे अतिनील उजेड लागतो. तेव्हा ऐरोलीच्या गच्चीवर जुलैच्या ढगांत उन्हाचे प्रयोग नकोतच, रोज वेगळा आकडा येईल. ६६४ नॅनोमीटरला, जिथे हा निळा रंग सगळ्यात जास्त उजेड शोषतो, मोजण्याआधी सेंट्रिफ्यूज कर, म्हणजे वेगाने फिरवून कण खाली बसव; गढूळपणा आकडा फुगवतो. आणि निळा गेला तरी रेणूचे तुकडे पाण्यातच असू शकतात; सीओडी काढ, म्हणजे पाण्यातले सेंद्रिय पदार्थ मोडायला किती ऑक्सिजन लागतो ते मोज. कारखान्याचं सांडपाणी सगळ्यात शेवटी घे, त्यातलं मीठ हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे रंग मोडणारे अतिक्रियाशील कण, खाऊन टाकतं.