वाचक विचारतात : सर आली की अपलोडच का झोपतं?

प्रश्न : दादा, आम्ही गिरगावात जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो, नेट टीव्हीच्या काळ्या केबलवरूनच येतं. पावसाची सर आली की मीटिंगमध्ये माझा आवाज तुटतो, समोरच्यांचा मला मात्र नीट ऐकू येतो. केबलवाल्याचा पोरगा येतो, मोडेम बदलून जातो, पुढच्या सरीला परत तेच. मोडेमच्या पेजवर डाऊनस्ट्रीम पॉवर २, एसएनआर ३७ आणि अपस्ट्रीम पॉवर ५३ दिसतंय. आकडे बरे आहेत का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : ताई, मोडेम बिचारा बरा आहे, त्याला बदलणं आता बंद करा. डाऊनस्ट्रीम, म्हणजे तुमच्याकडे येणारा सिग्नल, उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या (सिग्नलच्या जोराचं माप) मधे असला की झालं, तुमचा २ आहे म्हणजे झकास, आणि ३७ एसएनआर, म्हणजे सिग्नल नॉइजच्या (खरखरीच्या) किती वर आहे ते, पण मस्त. घोळ त्या अपस्ट्रीमच्या, म्हणजे अपलोडच्या, ५३ मध्ये आहे. तो आकडा म्हणजे मोडेमला केबलवाल्याच्या मशीनपर्यंत पोचायला किती जोर लावावा लागतोय ते, पस्तीस ते अठ्ठेचाळीसपर्यंत ठीक, पन्नासच्या वर गेला म्हणजे मोडेम बेंबीच्या देठापासून ओरडतोय आणि तरी तिकडे धड ऐकू जात नाहीये. त्याच पेजवर इव्हेंट लॉग, म्हणजे मोडेमची घडामोडींची नोंदवही, असतो, त्यात टी३ टाइमआऊट दिसतील बघा, म्हणजे मोडेमने हाक मारली आणि उत्तरच आलं नाही. वेळ पावसाच्या सरींशी जुळते का तेवढं तपासा.

आता फक्त अपलोडच का झोपतं? तर अपलोड खालच्या फ्रिक्वेन्सीवर चालतं, बहुतेक ठिकाणी ५ ते ६५ मेगाहर्ट्झ, आणि डाऊनलोड त्याच्या बरंच वर. कनेक्टर सैल झाला किंवा आतली तार गंजून नुसती टेकल्यासारखी राहिली की आधी खालच्या फ्रिक्वेन्सी मार खातात, वरच्या तशाच निघून जातात. उलट केबलच्या पोटातच पाणी मुरलं असतं तर आधी वरच्या पडल्या असत्या, म्हणजे डाऊनलोड बोंबललं असतं. म्हणून माझा संशय जॉइंटवर, त्यातून गिरगाव म्हणजे चौपाटीची खारी हवा, गच्चीतल्या उघड्या कनेक्टरला गंज चढायला काय वेळ लागतो!

पोरगा परत आला की त्याला मोडेमला हात लावू देऊ नका, सरळ जिन्यातल्या नाहीतर गच्चीतल्या टॅपपाशी न्या, म्हणजे जिथून तुमची वायर फुटते तो छोटा डबा. तिथे मीटर लावून रीडिंग घ्यायला सांगा, मग तेच घरात मोडेमच्या टोकाला. टॅपवर चांगलं आणि घरात खराब, तर मधली वायर किंवा कनेक्टर. टॅपवरच खराब असेल तर भानगड मागे अॅम्प्लिफायरकडे, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या केबलवाल्याच्या मशीनकडे, ते काम त्यांचं. कनेक्टर उघडला की आतली तार बघा, चकचकीत तांब्याची हवी, हिरवट-काळी असेल तर तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर, तोही कॉम्प्रेशनचा, हाताने पिळून बसवतात तो नको. मधल्या तारेभोवती जी बारीक तारांची जाळी असते, तिचा एकही केस मधल्या तारेला लागता कामा नये. आणि वायर खिडकीतून आत घेताना बाहेर थोडी खाली लोंबती ठेवा म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल, नाहीतर वायरच्या अंगाने थेट कनेक्टरमध्ये उतरतं, हे आपल्याकडे कोणीच करत नाही!

पावसात अख्ख्या बिल्डिंगचं नेट एकदम जात असेल तर मात्र हे सगळं सोडा. मग अॅम्प्लिफायर किंवा त्याची पॉवर.

प्रश्न : पूर्वी चार खोल्यांत टीव्ही होते, आता एकच. चार तोंडांचा स्प्लिटर अजून आहे, मोडेम त्याच्यावरच. चालेल?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : काढा तो! चार वाटांचा स्प्लिटर साधारण ७ डीबी खातो, म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा पुढे जातो, आणि अपलोडला मोडेमला तेवढाच जादा जोर लावावा लागतो. दोन वाटांचा लावलात तर साडेतीनवर भागतं. शिवाय ती उघडी तोंडं फार वाईट, त्यातून बाहेरचा नॉइज आत शिरतो आणि तो तुमच्या घरापुरता राहत नाही, एका नोडवरच्या, म्हणजे केबलवाल्याच्या एकाच जोडणीच्या डब्यावरच्या, सगळ्या घरांचा नॉइज अपलोडच्या वाटेने एकत्र गोळा होतो, म्हणजे तुमच्या बंद खोलीतल्या उघड्या वायरमुळे शेजारच्या सोसायटीची मीटिंग अडकू शकते. जे तोंड वापरात नाही त्याला ७५ ओहमची टर्मिनेटर टोपी बसवा, लॅमिंग्टन रोडला मिळेल. तिथे दुकानदार टीव्हीचा बूस्टर पण गळ्यात मारेल, घेऊ नका, त्यातले बरेच एकाच दिशेने चालतात आणि अपलोड पार बंद पाडतात.