पियानो, स्ट्रिंग्ज, गिटार आणि गायन असलेलं संथ गाणं मिक्स करतोय. ध्रुवपद आलं की गायकाचा आवाज दबतो, फेडर (ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायची पट्टी) वर नेला तरी सगळं गढूळच लागतं. चुकतंय कुठे?

चूक बहुधा व्होकलच्या ट्रॅकवर नाही, पियानोच्या डाव्या हातात आहे. पियानोचा मधला सी 262 हर्ट्झचा. त्याच्याखालच्या सप्तकात भरगच्च कॉर्ड, तिथेच गिटारच्या जाड तारा, तिथेच स्ट्रिंग्जमधला चेलो, आणि पुरुष गायकाच्या आवाजाचा भरदारपणाही तिथलाच. 150 ते 400 हर्ट्झच्या या दाटीत फेडर वर ढकलला की गाणं मोठं होतं, मोकळं होत नाही.

म्हणून ईक्यूला (ठरावीक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणाऱ्या साधनाला) हात लावण्याआधी वादन बघा. पियानो मिडीवर, म्हणजे स्वर नंतर बदलता येतील असा असेल तर ध्रुवपदात डाव्या हाताचे मधले स्वर काढा, नुसता मूळ स्वर आणि त्याचं सप्तक ठेवा. गिटार पुन्हा वाजवता येत असेल तर सातव्या पट्टीवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावून तेच कॉर्ड वरच्या जागी घ्या. सर्वांत खालची तार 82 हर्ट्झवरून 123 वर जाते. एवढ्याने अर्धं काम होतं.

मग ईक्यू. व्होकलला 80-90 हर्ट्झवर लो-कट (त्याखालचं सगळं कापणारा फिल्टर), गिटारला 120 च्या आसपास. पियानोत 250-300 हर्ट्झला रुंद क्यू (ईक्यूच्या पट्ट्याची रुंदी) ठेवून 2-3 डीबी कमी करा. 2 ते 4 किलोहर्ट्झमध्ये शब्द कळतात. तिथे पियानो आणि स्ट्रिंग्जवर डायनॅमिक ईक्यू (गरजेपुरताच कापणारा) लावून त्याला व्होकलची साइडचेन द्या, म्हणजे तो व्होकलच्या इशाऱ्यावर चालेल: गायक गात असतानाच 2 डीबी जागा होईल आणि मधल्या संगीतात ती पुन्हा भरेल.

सँपल केलेल्या स्ट्रिंग्ज गिटारच्या मागे पडल्यासारख्या वाटतात, कारण लेगाटो पॅचचा (जोडून वाजणाऱ्या तयार ध्वनीचा) स्वर सावकाश उगवतो. तो ट्रॅक 60 ते 100 मिलिसेकंद आधी सुरू होईल असा डावीकडे ओढा. किती, ते लायब्ररीवर ठरतं. गिटारच्या ठोक्याशी जुळवून कानानेच ठरवा.

व्होकलवर मात्र वेळ घालवा. पहिली ओळ कुजबुजत आणि शेवटची पूर्ण गळ्याने, एवढा फरक एकट्या कॉम्प्रेसरवर (मोठा आवाज दाबून फरक कमी करणाऱ्या साधनावर) सोपवला तर तो श्वासही उचलून समोर आणतो. आधी एकेका शब्दाचा क्लिप गेन, म्हणजे त्या तुकड्याची पातळी, हाताने सारखा करा. मग कॉम्प्रेसर 3:1 वर, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) 15 मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा) 80, आणि गेन रिडक्शन, म्हणजे दाब, 3-4 डीबीच्या पुढे नको. श्वास कापू नका, 6 डीबी खाली घ्या. संथ गाण्यात श्वास नसला की गायक माणूस वाटत नाही. डी-एसर (स-श ची टोच कमी करणारा) 5 ते 8 किलोहर्ट्झमध्ये. मराठी गाणं असेल तर ‘स्पर्श’सारखा शब्द लूपवर ऐका: स टोचतो का, प चा धक्का माइकवर आदळतो का, श नंतर सूर बोथट होतो का, तिन्ही एकाच शब्दात कळतं.

प्रत्येक वाद्याला वेगळा रिव्हर्ब (खोलीतल्यासारखा घुमार) हे गढूळपणाचं दुसरं मोठं कारण. दोनच सेंड ठेवा, म्हणजे अनेक ट्रॅक वापरतील असे सामाईक रिव्हर्ब. व्होकलला 2 सेकंदांची प्लेट (रिव्हर्बचा एक प्रकार), प्री-डिले (रिव्हर्ब सुरू होण्याआधीची थांबणूक) 60 मिलिसेकंद, म्हणजे शब्द कोरडा येतो आणि शेपूट मागून. स्ट्रिंग्जना लांब हॉल, त्यातच थोडा पियानो. दोन्ही सेंडवर रिव्हर्बच्या आधी 500 हर्ट्झचा लो-कट लावाच. गाणं 72 बीपीएमचं असेल तर अर्ध्या ठोक्याचा (एट्थ नोट) डिले, म्हणजे प्रतिध्वनी, 417 मिलिसेकंद येतो. तो बंद केल्यावरच जाणवेल इतका त्याचा आवाज कमी ठेवा.

बरेच पियानो पॅच वादकाच्या जागेवरून पसरलेले असतात, खर्ज डावीकडे नि तार सप्तक उजवीकडे, त्यामुळे एखादी धावती ओळ स्पीकरभर फिरते. रुंदी 60 टक्क्यांवर आणा. मग सगळं मोनोत (डावं-उजवं एकत्र करून) ऐका. दोन माइकवर रेकॉर्ड केलेला पियानो मोनोत पातळ झाला तर एका माइकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून बघा.

मास्टरवर (पूर्ण मिक्सवर) लिमिटर, म्हणजे ठरावीक पातळीपलीकडे आवाज जाऊ न देणारं साधन, 1-2 डीबीपेक्षा जास्त दाबू नका, ट्रू पीक (सर्वांत उंच शिखर) -1 डीबीवर ठेवा. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाणी -14 लफ्सवर (LUFS, कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) आणतं, त्यामुळे -8 पर्यंत ठोकलेलं गाणं तिथे खालीच ओढलं जाईल आणि कुजबुजलेली पहिली ओळ नि ध्रुवपद एकाच उंचीचे ऐकू येतील.