पत्रातली ती एक ओळ

प्रिय 'दमलेली', हिंजवडी,

बाळंतपणाची रजा संपवून तू कामावर रुजू झालीस. महिला दिनाला ऑफिसात 'स्वतःचा ब्रँड घडवा' हे सत्र झालं, मग तू पदरचे पैसे भरून आत्मविश्वासाचा ऑनलाइन कोर्सही केलास. तरी वॉशरूममध्ये दूध काढताना रडू येतं, नोकरी सोडावीशी वाटते आणि 'मी कसली स्त्रीवादी' या विचाराने झोप उडते.

कंपनीत बाराशे माणसं आहेत, पाळणाघर नाही, हे तू एका ओळीत उरकलंस. मी तिथेच अडले. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक केली. आईला दिवसातून ४ वेळा बाळाकडे जाण्याची मुभाही दिली. त्या सत्रात यातलं अक्षर तरी निघालं का? पाळणाघराला जागा, माणसं, पैसा लागतो. तुझी मानसिकता बदलायचा खर्च मात्र तुझ्याच खात्यातून जातो. बाईची अडचण तिच्या स्वभावात नेऊन ठेवायची आणि वर इलाजही तिलाच विकायचा, याची मला मनापासून चीड येते. १९१० मध्ये कोपनहेगनच्या समाजवादी स्त्रियांच्या परिषदेत जर्मन नेत्या क्लारा झेटकिन यांनी महिला दिनाचा प्रस्ताव मांडला, तेव्हा मागणी मताधिकाराची होती. मागणी सरकारकडे होती, आणि ती सगळ्यांनी मिळून केलेली होती.

तर आता कोर्स बंद कर. ऑफिसातल्या चार-पाच आया गाठ आणि सगळ्यांच्या सहीने एचआरला मेल टाका. एकटीने जाऊ नकोस. नवरा 'मदत करतो' म्हणतेस. रात्रीचं एक दूध आणि सकाळची आंघोळ त्याच्या नावावर लिहून टाक.

आणि घरकामाच्या मावशी 'दांड्या मारतात' ही तुझी तक्रार मला खटकली. त्यांच्या जिवावर तू लॉगिन करतेस. पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० मध्ये पगारवाढीसाठी काम बंद ठेवलं, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. ऑफिसकडे जे मागणार आहेस, ते घरात आधी दे: ठरलेली भरपगारी सुट्टी, आजारपणात पैसे न कापणं.

नोकरी सोडलीस तरी तू स्त्रीवादीच राहशील. पण तो निर्णय मेलचं उत्तर येईपर्यंत थांबव. टोलवाटोलवी झाली, तर कामगार खात्याकडे लेखी तक्रार करता येते. मेलची प्रत जपून ठेव.

तुझी,
ताई