मोडी कागदांची संगणकावर नोंद: सुरुवात कुठून करायची

संग्रहाच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं 'जतन' घ्या की कलेक्टिव्हअ‍ॅक्सेस, ते नंतर. आधी दाखल क्रमांक ठरवा: 2025.4.17, म्हणजे वर्ष, त्या वर्षातली चौथी देणगी, तिच्यातला सतरावा कागद. तोच क्रमांक मऊ पेन्सिलीने कागदामागे, तोच स्कॅनच्या फाइलला. चिकटपट्टी अजिबात नको.

आपल्या भागात नवीन मंडळी हमखास चुकतात ते इथे:
- नुसतं 'खानापूर' लिहितात. एक बेळगाव जिल्ह्यात, दुसरं सांगलीत. तालुका-जिल्हा लिहाच.
- शक किंवा फसली (जुन्या महसुली कागदांतला) सन गाळून थेट इसवी सन भरतात. कागदावरची तारीख जशीच्या तशी घ्या, इसवी शेजारच्या रकान्यात. रूपांतर चुकलं तरी मूळ हाताशी राहतं.
- कागद कोणत्या कपाटात, कोणत्या खोक्यात ठेवलाय ते नोंदवत नाहीत.

विषयसूचीच्या भानगडीत आत्ता पडू नका. पन्नास नोंदी पूर्ण करा, बॅकअप दुसऱ्या इमारतीत ठेवा. छान जमेल तुम्हाला.