एलकॅप समितीवर नव्यानं आलात?

कॅलिफोर्नियात पालक सल्लागार समितीवर पहिल्यांदाच बसताय ना? मग एलकॅप, म्हणजे शाळा-जिल्ह्याचा तीन वर्षांचा आराखडा, पहिल्या पानापासून वाचायच्या फंदात पडू नका. आधी पूरक निधी कुठे जातो ते बघा. 2013च्या कायद्याने कमी उत्पन्नाच्या घरातलं, इंग्रजी शिकणारं किंवा फॉस्टर केअरमधलं (सरकारी देखरेखीखाली दुसऱ्या घरी वाढणारं) मूल असेल, तर त्याच्यामागे शाळा-जिल्ह्याला मूळ अनुदानाच्या 20 टक्के जादा मिळतात. ते 'सर्व विद्यार्थ्यांसाठी' अशा गोंडस मथळ्याखाली सरसकट वाटले असतील तर कारण विचारा. लेखीच विचारा. समितीच्या अभिप्रायाला सुपरिंटेंडेंटना, म्हणजे शाळा-जिल्ह्याच्या प्रमुखांना, लेखी उत्तर द्यावंच लागतं. तोंडी बोललेलं इतिवृत्तात एका ओळीत गुंडाळतात. मे-जूनच्या जनसुनावणीची वाट पाहू नका, तोवर आकडे बहुतेक ठरलेले असतात. फेब्रुवारीअखेरपर्यंत येणाऱ्या मध्यावधी अहवालातच कुठला खर्च रखडलाय ते हुडका.