डबा धुवून कधीपासून यायला लागला?

पत्र (नाव काढून, थोडं छाटून) :

ताई, मी मूळची नाशिकची, पुण्यात जपानी शिकले, आता योकोहामात ट्रान्सलेशनचं काम करते. नवरा जपानी, ४१ वर्षांचा. लग्नाला ९ वर्षं झाली, मुलगी या एप्रिलात पहिलीत जाईल. गेल्या आठवड्यात त्याच्या हेल्थ इन्शुरन्सकडून पाकीट आलं, मी बिल असेल म्हणून उघडलं तर आत आजारपणाच्या भत्त्याचा कागद. तो जानेवारीपासून ऑफिसला गेलेलाच नाही, डिप्रेशनमुळे रजेवर आहे! आणि इकडे रोज ७:२० ला सूट घालून, बॅग आणि माझ्या हातचा डबा घेऊन निघतोय, संध्याकाळी परत येतोय. अडीच महिने मला मूर्ख बनवलं. सासूबाईंना मात्र आधीपासून माहीत होतं, त्या म्हणतात कुणाला सांगू नकोस, विश्रांती घेतली की होईल बरा. डॉक्टर पाच मिनिटं बघतो, गोळ्या देतो, कौन्सेलिंग वगैरे काही नाही. माझ्या आईला मी सांगितलंय की त्याला सध्या खूप काम आहे. विचित्र म्हणजे आधी डबा तसाच खरकटा आणायचा, जानेवारीपासून मात्र स्वच्छ धुवून आणायला लागला, मला वाटलं चला, नऊ वर्षांनी सुधारला एकदाचा. जो माणूस इतकं सहज खोटं बोलतो त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? मुलीला घेऊन काही महिने नाशिकला जावं असं वाटतंय.
— फसवली गेलेली

अगं, ‘सुधारला’ म्हणे!

तुझं मूळ पत्र चांगलं दोन पानी आहे, त्यात फसवणूक आहे, सासू आहे, डॉक्टर आहे, नाशिकचं तिकीट आहे, आणि डबा एका ओळीत, तोही ‘विचित्र म्हणजे’ म्हणून टाकून दिलायस. मी त्या ओळीपाशी जी अडकले ती अजून तिथेच आहे.

डबा धुतला कुठे गं त्यानं? ऑफिसात असता तर पँट्रीत गरम पाण्याचा नळ असतो, साबण असतो, स्पंज असतो. तो तर ऑफिसात नव्हता. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या त्या बोचऱ्या वाऱ्यात सुटातला एक माणूस कुठल्यातरी बागेतल्या नळाखाली नाहीतर स्टेशनच्या टॉयलेटमधल्या बेसिनात वाकून, बाह्या वर करून, तुझ्या भाजीचं तेल बोटांनी घासून काढत होता. गार पाण्यानं तेल निघत नाही, हळद तर नाहीच नाही, तुला काय सांगायचं. तरी तुला तो डबा स्वच्छ दिसला, म्हणजे किती वेळ घासत बसला असेल बघ. आणि कशासाठी? मला दोन शक्यता दिसतात. एक तर घास उतरत नव्हता, अन्न टाकून द्यावं लागत होतं आणि ते तुला कळू द्यायचं नव्हतं. नाहीतर अख्ख्या दिवसात त्याच्या हातून पुरं होणारं तेवढं एकच काम उरलं होतं.

दुसरी शक्यता मी उगाच रचत नाहीये. मी पण एक हिवाळा डिप्रेशनच्या गोळ्यांवर काढलाय, इथेच जपानात, मुलं लहान असताना. दिवसभरात माझ्याकडून एकच गोष्ट व्हायची, सकाळी गादी घडी करून कपाटात ठेवणं, आणि ती झाली की मी त्या बंद कपाटाकडे बघत भिंतीला टेकून बसायची, कारण त्यानंतर काय करायचं तेच सुचायचं नाही. कुणी विचारलं असतं ‘काय केलंस दिवसभर’ तर मीही खोटंच बोलले असते.

त्यामुळे ते ‘सहज’ तू आधी पत्रातून काढ. रोज ७:२० ला निघायचं आणि अकरा-बारा तास जायला जागा नाही, हे सहज असतं का? त्याला घरी झोपायची रजा मिळाली होती गं, डॉक्टरनं लिहून दिलेली, कंपनीनं मान्य केलेली. ती रजा त्याला घेताच आली नाही, कारण घरात तू होतीस. तुला राग येईल वाचून, येऊ दे.

आणि हे तुझ्याच घरात घडलं असंही समजू नकोस. सूट घालून घरून निघायचं आणि बागेत नाहीतर लायब्ररीत दिवस काढायचा, हे इथे जुनं आहे. १९९७ च्या नोव्हेंबरात यामाइची सिक्युरिटीज ही शेअर दलालीची मोठी कंपनी बुडाली, मग बँका हलल्या, कंपन्या माणसं काढायला लागल्या, त्याला ‘रिसुतोरा’ असा गोंडस शब्द काढला होता. त्या काळात अशी माणसं बाकांवर पेपर वाचताना दिसायची, बायकोला पत्ता नाही. १९९७ मध्ये जपानात २४,३९१ आत्महत्या नोंदल्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी ३२,८६३. एका वर्षात! त्यात भर पडली ती मुख्यतः अशा मधल्या वयाच्या पुरुषांची. मग सलग १४ वर्षं तो आकडा ३० हजारांच्या खाली आलाच नाही, २००३ मध्ये तर ३४,४२७. २००६ मध्ये आत्महत्या रोखण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. आता तो आकडा २० हजारांच्या आसपास आलाय, खूप काम झालं त्यामागे, पण त्या १४ वर्षांत ज्यांचे बाप असे घरून निघायचे ती पोरं आज तुझ्या नवऱ्याच्या वयाची आहेत. नोकरीला जातोय असं दिसणं म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नसेल.

सासूबाईंचं थोडक्यात सांगते कारण त्यांच्यावर मला वेळ घालवायचा नाही. ‘विश्रांती घेतली की होईल’ हे त्यांचं वाक्य कुठून आलं ते मला चांगलं माहितीये. १९९९-२००० च्या सुमाराला इथे डिप्रेशनच्या नव्या गोळ्या बाजारात आल्या आणि त्यांच्यासोबत एक वाक्प्रचार घरोघरी पोचला, ‘कोकोरो नो काझे’, मनाची सर्दी. फायदा झाला त्याचा, नाही म्हणत नाही, कारण तोवर मनाचा डॉक्टर म्हणजे मोठ्या भिंतींचं हॉस्पिटल आणि तिथून माणूस परत येत नाही असंच लोकांना वाटायचं, आणि वाटणारच, १९५० पर्यंत तर वेड लागलेल्या माणसाला घरातच खोलीत कोंडायला कायद्यानं परवानगी होती. कुरे शूझो नावाच्या डॉक्टरांनी १९१८ मध्येच लिहून ठेवलंय की या लोकांचं दुर्दैव दुहेरी, एक हा आजार झाला आणि दुसरं या देशात जन्मले. त्या भीतीवर सर्दीचा उतारा चालला. पण सर्दी आठवड्यात जाते ना! मग तीन महिने झाले, सहा झाले तरी माणूस उठत नाही म्हटल्यावर घरचे कंटाळतात, आणि आजारी माणसाला वाटतं आपण साधी सर्दीसुद्धा बरी करू शकत नाही. ‘उत्सु’ म्हणजे डिप्रेशन, त्याची कांजी, ते चिनी अक्षर, तू ट्रान्सलेटर आहेस म्हणून लिहू शकत असशील, २९ रेघा, २०१० पर्यंत रोजच्या वापराच्या यादीतसुद्धा नव्हती, लोक हिरागाना या सोप्या लिपीत लिहून मोकळे व्हायचे. तसंच चाललंय हे सगळं, अवघड अक्षर सोप्यात लिहायचं.

बरं, डॉक्टर. पाच मिनिटं म्हणून तू चिडलीस. इथे म्हणच आहे, तीन तास थांबायचं आणि तीन मिनिटं तपासून घ्यायचं, सर्दीला गेलीस तरी तेच. कौन्सेलिंग बहुतेक ठिकाणी विम्यात बसत नाही, पैसे खिशातून जातात, आणि सायकॉलॉजिस्टला सरकारी लायसन्स देणारी पहिली परीक्षा इथे झाली तीच मुळी २०१८ मध्ये, म्हणजे तुझ्या मुलीपेक्षा फार मोठी नाही ही व्यवस्था. अपुरं आहेच. पण त्या पाच मिनिटांच्या डॉक्टरनं एक कागद लिहून दिला, शिन्दान्शो, म्हणजे आजाराचा दाखला, आणि त्या एका कागदावर नोकरी शाबूत आहे आणि पगाराच्या साधारण दोन तृतीयांश पैसे दीड वर्षापर्यंत मिळू शकतात. ज्या पाकिटावरून तू घर डोक्यावर घेतलंस ना, ते तुमच्या मुलीच्या शाळेचे पैसे आहेत. तो स्वतः, एकटा, कुणालाही न सांगता दवाखाना शोधून गेला, आत जाऊन बसला, बोलला, फॉर्म भरले. कंपन्यांत दरवर्षी ती स्ट्रेस चेकची प्रश्नावली येते, २०१५ पासून सक्तीची आहे ५० किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी, बहुतेक जण त्यात ‘ठीक’वर खूण करून कामाला लागतात. तुझा नवरा त्यातून बाहेर पडून डॉक्टरपर्यंत पोचला आणि तू विचारतेस त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा.

आता तुझं खोटं. आईला सांगितलंस ना, त्याला खूप काम आहे? का सांगितलंस? आई काळजी करेल, मामी-काकू विचारतील, आधीच ‘जपानी कशाला केलास’ म्हणून ऐकवून झालंय. अगदी हेच. त्यानं तुला सांगितलं नाही त्याचं कारण याहून वेगळं असेल असं मला तरी वाटत नाही, फक्त त्याला ते रोज सूट घालून सांगावं लागलं आणि तुला व्हॉट्सअॅपवर एका ओळीत भागलं. इथे त्याला ‘सेकेन्तेई’ म्हणतात, आपल्याकडे ‘लोक काय म्हणतील’. नाशिकला जाऊन तू याच्यापासून लांब जाशील असं वाटत असेल तर तुझ्या आईच्या सोसायटीतला जिना आठव.

तर नाशिक नाही. निदान आत्ता तरी नाही, पोरगी नवीन दप्तर पाठीवर घेऊन पहिल्यांदा शाळेत जाणार आणि बाप घरी एकटा, हे तू करणार नाहीयेस.

तू काय करायचं सांगते, एकच गोष्ट. पुढच्या आठवड्यातला एक दिवस सुट्टी घे. सकाळी दोन डबे भर. मुलीला सोडलं की त्याला म्हण, तू जिथे जेवायचास तिथे मला घेऊन चल. बास. ‘का सांगितलं नाहीस’ नाही, ‘किती दिवस चालणार’ नाही, आणि ते ‘गाम्बात्ते’, म्हणजे ‘जोर लाव’, तर चुकूनही नाही, डिप्रेशनच्या माणसाला ते म्हणू नये हे इथे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, आणि आपलं ‘मनाला लावून घेऊ नकोस’ त्याचाच मावसभाऊ. तो कदाचित नाही म्हणेल, मग दुसऱ्या दिवशी परत विचार, चिडून नाही. नेईल. नेलं की त्याच्या बाकावर बस. जेव. तो जेवला नाही तरी तू जेव, कारण तुझ्यासमोर न जेवता नुसतं बसता येणं हीच त्याची पहिली सुट्टी असेल.

तिथे एकच प्रश्न विचारायचा, सरळ, त्याच्या भाषेत : मरावंसं वाटतं का, वाटलं होतं का. असं विचारल्यानं डोक्यात नसलेलं येतं ही भीती लोकांना असते, तसं होत नाही, उलट कुणीतरी विचारलं याचंच माणसाला बरं वाटतं बऱ्याचदा. ‘हो’ आलं तर त्याच दिवशी त्याच्या दवाखान्यात दोघांनी जायचं, अपॉइंटमेंट नसली तरी, आणि त्याला एकटं सोडायचं नाही. रात्री-बेरात्री अंगावर आलं तर ११९ ला फोन करून अॅम्ब्युलन्स, लाजायचं नाही. ‘नाही’ आलं तर पुढच्या तारखेला तू बरोबर जा, पाच मिनिटांतली दोन तू बोल, घरी झोप कशी आहे, खाणं कसं आहे ते डॉक्टरला तूच सांगू शकतेस. बाकी ते वॉर्ड ऑफिसचं फॉर्मचं काम आहे, मानसिक आजाराच्या ओपीडीचा खर्च ३० टक्क्यांवरून १० वर येतो, ते तू कर, कागद वाचणं तुझा धंदाच आहे. पण ते नंतर, आधी बाक.

तुला स्वतःला कुणाशी बोलावंसं वाटलं तर टोकियोची ‘टेल’ ही हेल्पलाइन आहे, १९७३ पासून इंग्रजीत ऐकून घेतात. मराठीत बोलावंसं वाटलं तर आईला फोन कर आणि ‘खूप काम आहे’ परत घे.

आणि हो, त्या दिवशी भाजी काचऱ्या-बिचऱ्या तेलकट करू नकोस, काकडीची कोशिंबीर आणि दहीभात दे. जेवण झाल्यावर तो डबा घेऊन नळाकडे जाईल. तूही तुझा घेऊन जा. एप्रिलातसुद्धा ते पाणी गारच असतं.