पडद्याचं छिद्र बुजलं नाही, परत ऑपरेशन करायचं का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आम्ही पाचगणीला राहतो. आईचं वय 66, उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध छिद्र पडलं म्हणून दिवाळीच्या आधी पुण्यात ऑपरेशन केलं, गॅस भरला, पण नंतरच्या ओसीटीत (पडद्याच्या स्कॅनमध्ये) छिद्र उघडंच दिसतंय. डॉक्टर म्हणतात परत करू, पण गॅरंटी नाही. घरात सगळे म्हणतात आई नीट पालथी झोपली नाही म्हणून फेल झालं, आणि ती आता नकोच म्हणतेय. दुसऱ्या वेळी यश येईल का हे आधी सांगता येतं का?

उत्तर : सगळ्यात आधी आईला बोल लावणं बंद करा. पालथं झोपलं की गॅस छिद्रावर टेकून राहतो, त्याचा उपयोग असतो, मोठ्या छिद्रात जास्तच, पण छिद्र न बुजण्याची मोठी कारणं वेगळी असतात, म्हणजे छिद्र मुळातच मोठं असणं, फार दिवसांचं असणं, मायनसचा जबर नंबर असणं, किंवा पडद्यावरचा आयएलएम नावाचा अतिशय पातळ थर पुरेसा न निघणं. 1991 साली अमेरिकेत नील केली आणि रॉबर्ट वेंडेल यांनी या ऑपरेशनचे पहिले निकाल छापले तेव्हा 52 पैकी 30च डोळ्यांत छिद्र बुजलं होतं. आज पहिल्या फटक्यात दहातले नऊ बुजतात, तरी एखादा राहतोच, आणि त्यात पेशंटचा दोष नसतो.

आता अंदाजाचं. शंभर टक्के कुणीच सांगू शकत नाही, पण ओसीटीवरून बरंच कळतं. तो रिपोर्ट घेऊन डॉक्टरांसमोर बसा आणि छिद्राच्या कडा कशा आहेत ते विचारा. कडा सुजलेल्या, वर उचललेल्या आणि खाली पाणी असेल तर ती चांगली खूण, अशा कडा अजून जवळ येऊ शकतात. कडा पातळ होऊन खाली चिकटून सपाट बसल्या असतील तर काम अवघड. मग माप विचारा, 400 मायक्रॉन म्हणजे 0.4 मिलिमीटरच्या वर असेल तर आम्ही मोठं समजतो. तिसरं, आयएलएम किती निघालाय. निळा रंग टाकून बघितलं की उरलेला थर दिसतो, तो उरला असेल तर काढून किंवा त्याचीच घडी छिद्रावर उलटवून चांगला निकाल मिळतो (ही घडीची पद्धत पोलंडच्या डॉक्टरांनी 2010 साली मांडली). काहीच उरलं नसेल तर बाळाभोवतीच्या पडद्याचा म्हणजे अ‍ॅम्निऑटिक मेम्ब्रेनचा तुकडा, किंवा पेशंटच्याच पडद्याचा कडेचा तुकडा बसवतात, पण ते करणारा हात अनुभवी हवा, हे स्पष्ट विचारायला लाजू नका.

दुसऱ्या ऑपरेशननंतर साधारण चारातल्या तीन डोळ्यांत छिद्र बुजतं. पण बुजणं वेगळं आणि दिसणं वेगळं, ही गोष्ट आईला आधीच सांगा. पडद्याच्या मधल्या पेशी खराब झाल्या असतील तर छिद्र बंद होऊनही बारीक अक्षर वाचता येईलच असं नाही. बऱ्याच जणांना मिळतं ते असं की मधला काळा ठिपका लहान होतो, खिडकीचे गज वाकडे दिसायचे ते जरा सरळ होतात, नजर तपासायच्या तक्त्यावर एकदोन ओळी वाढतात. माझं मत विचाराल तर कडा वर असतील आणि दुसरा डोळा चांगला असूनही आईला त्रास जाणवत असेल तर करा, आणि उगाच महिने घालवू नका. पालथं झोपणं खरंच जमत नसेल तर कमी दिवस पालथं राहणं किंवा गॅसऐवजी सिलिकॉन ऑइल चालेल का तेही बोला, ऑइल मात्र नंतर काढायला परत एक ऑपरेशन लागतं.

आणि तुमच्यासाठी खास, कारण हे कुणी सांगत नाही. पाचगणी पुण्यापेक्षा 700 मीटर तरी उंच आहे. डोळ्यात गॅस असताना पसरणी घाट चढलात तर गॅस फुगतो आणि डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं. म्हणून गॅस बऱ्यापैकी जिरेपर्यंत पुण्यातच किंवा वाईत कुणाकडे राहता येईल का ते डॉक्टरांना विचारून ठरवा. एसएफ6 गॅस दोन-तीन आठवड्यांत जातो, सी3एफ8 ला दीड-दोन महिने लागतात. विमान तर अजिबात नाही, आणि तेवढ्यात दुसरं कुठलं ऑपरेशन निघालं तर भूल देणाऱ्याला डोळ्यात गॅस आहे हे आधी सांगायचं, कारण नायट्रस ऑक्साइडनेही तो फुगतो.

दुसऱ्या डोळ्याचाही ओसीटी काढून ठेवा. तिथे आतली जेली पडद्यापासून आधीच सुटी झालेली असेल तर त्या डोळ्यात छिद्र पडायची भीती खूप कमी.